विश्लेषण : न वितळवता जोडलेले ॲल्युमिनियम किती भरवशाचे?

वसई तालुक्यातील भुईगाव म्हटले की सुरूची झाडे, केळी-भाजीपाल्याच्या वाड्या आणि समुद्रकिनारा डोळ्यांसमोर येतो. पण भुईगाव, गिरीज, रानगाव या पट्ट्यातील घरांचा संबंध रेल्वेमार्गाच्या पूर्वेशीही आहे. वालीव, सातिवली, गोखिवरे येथे छोट्या-मोठ्या गाळ्यांत धातूकाम चालते. तिथे ‘आर्गन वेल्डिंग’ जमणाऱ्या कारागिराला मान असतो, कारण ॲल्युमिनियम जोडणे अवघड. आता विद्युत वाहनांच्या बॅटरीचे ट्रे, कूलिंग प्लेट, रेल्वे डब्यांचे पॅनेल अशा कामांत जगभर एक वेगळी पद्धत वापरली जाते, ती म्हणजे फ्रिक्शन स्टर वेल्डिंग. त्यात ठिणगी नाही, धूर नाही, डोळे दिपवणारा प्रकाश नाही आणि धातूही वितळत नाही. मूळ पेटंटची मुदत केव्हाच संपली आहे, त्यामुळे ही कामे छोट्या गाळ्यांपर्यंत येण्यात कायद्याची आडकाठी नाही. अडचण दुसरी आहे. या जोडाचा दर्जा वरून दिसत नाही. पत्र्याच्या आत धातू कुठून कुठे वाहिला, यावर तो ठरतो.

पद्धत काय आहे?

ब्रिटनमधील केंब्रिजजवळच्या ‘द वेल्डिंग इन्स्टिट्यूट’ या संस्थेत वेन थॉमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये ही पद्धत शोधली. दोन पत्रे कडेला कड लावून खालच्या जाड पोलादी पाटावर घट्ट क्लॅम्प करायचे. वरून एक फिरते टूल आणायचे. टूलचे दोन भाग असतात. खाली बारीक, बहुधा आटे पाडलेली पिन आणि तिच्यावर रुंद शोल्डर. सहा मिलिमीटरच्या पत्र्यासाठी पिन सहापेक्षा किंचित आखूड ठेवतात. पिन सांध्यात घुसते, शोल्डर पत्र्याच्या पृष्ठभागावर दाबून बसतो आणि घर्षणाने ॲल्युमिनियम तापते. मिनिटाला काहीशे ते हजारभर फेरे घेत टूल सांध्यावरून पुढे सरकते आणि मागे जोड तयार होत जातो. शेवटी पिन वर काढली की तिथे एक भोक राहते. म्हणून कामाच्या शेवटी जास्तीचा तुकडा लावतात किंवा ते भोक कापून टाकता येईल अशा जागी जोड संपवतात.

ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते. या पद्धतीत तापमान साधारण ४०० ते ५०० अंशांच्या आसपास राहते. धातू लोण्यासारखा मऊ होतो, पण पातळ होत नाही. हा फरक महत्त्वाचा आहे. वितळलेले ॲल्युमिनियम हवेतल्या ओलाव्यातून हायड्रोजन शोषते आणि थिजताना त्याचे बुडबुडे आत अडकतात. विमानात वापरली जाणारी काही मिश्रणे तर वितळवून जोडली की थिजतानाच तडकतात. वितळणेच नसेल तर हे दोन्ही त्रास टळतात.

वसईच्या किनाऱ्यावरच्या वाचकांना एक गंमत वाटेल. या पद्धतीचा पहिला व्यावसायिक वापर रॉकेट किंवा विमानासाठी झाला नाही. १९९०च्या दशकाच्या मध्यावर स्वीडनच्या सापा कंपनीने मासेमारी जहाजांवर मासे गोठवण्यासाठी लागणारी पोकळ ॲल्युमिनियम पॅनेल अशी जोडली. पुढे जहाजांच्या डेकची पॅनेल, जपानी रेल्वेचे डबे, डेल्टा रॉकेट, अमेरिकी अंतराळयानाची बाह्य इंधनटाकी असा तिचा प्रवास झाला. २०१२ मध्ये ॲपलने आयमॅक संगणकाची पातळ कड याच पद्धतीने जोडल्याचे जाहीर केले.

आत धातू नेमका कसा वाहतो?

‘ढवळणे’ हा शब्द इथे थोडी दिशाभूल करतो. ताक घुसळताना रवीभोवती सगळेच गोल फिरते, तसे इथे होत नाही. भाकरीसाठी तांदळाच्या उकडीचे दोन गोळे एकत्र मळताना काय होते, ते आठवावे. गोळे नुसते एकमेकांना चिकटवले तर मधली रेघ राहते. तळहाताने दाबून, घसटून पीठ पुढे ढकलले की जुना पृष्ठभाग फाटतो, आतले ताजे पीठ ताज्या पिठाला भिडते आणि रेघ जाते. ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागावर कायम ऑक्साइडची पातळ साय असते. ती सुमारे दोन हजार अंशांवर वितळते, म्हणजे नुसत्या उष्णतेने ती हटणार नाही. ती मोडायची तर धातू जोरात सरकावा लागतो. जोड होतो तो या सरकण्यामुळे. उष्णता फक्त सरकणे सोपे करते.

आता टूलची दिशा पाहू. टूल फिरतही असते आणि पुढेही जात असते. त्यामुळे सांध्याच्या एका बाजूला टूलचा पृष्ठभाग प्रवासाच्या दिशेनेच फिरतो. तिला ॲडव्हान्सिंग बाजू म्हणतात. दुसऱ्या बाजूला तो उलट, मागच्या दिशेने फिरतो. ती रिट्रीटिंग बाजू. पिनच्या पुढ्यातला मऊ धातू बहुतांशी रिट्रीटिंग बाजूने वळसा घेऊन मागे जातो आणि पिनने मोकळी केलेली जागा भरतो. ॲडव्हान्सिंग बाजूच्या मागच्या कोपऱ्यात धातू सर्वात शेवटी पोहोचतो. दाब कमी पडला, धातू पुरेसा मऊ नसला किंवा टूल घाईने पुढे सरकले, तर तो कोपरा रिकामा राहतो. टूल पुढे जात असल्याने ती रिकामी जागाही लांबत जाते आणि जोडाच्या आत उंदराच्या बिळासारखा बोगदा तयार होतो. याला टनेल डिफेक्ट म्हणतात. वरून शोल्डरने पृष्ठभाग छान चोपडा केलेला असतो.

हा प्रवाह पाहायचा कसा, हा प्रश्न संशोधकांना सुरुवातीपासून पडला होता. १९९९ मध्ये केविन कॉलिगन यांनी पत्र्यात बारीक पोलादी छर्रे बसवले, त्यावरून जोड घेतला, टूल मध्येच थांबवले आणि एक्स-रे काढून छर्रे कुठे गेले ते पाहिले. इतरांनी वेगळ्या मिश्रणाच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या खुणेसाठी घातल्या. काहींनी तर मुलांच्या खेळण्यातली प्लॅस्टिसिनची माती वापरली. दोन रंगांच्या मातीच्या वड्या शेजारी ठेवून त्यातून फिरती कांडी पुढे नेली आणि मग आडवा काप घेतला, तर तोच कललेला, असमान प्रवाह रंगांत दिसतो. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात सहज मांडता येईल असा हा प्रयोग आहे.

या सगळ्यातून दोन प्रवाह समोर आले. वरच्या थरात शोल्डर धातूला घासून ओढतो. खाली पिन त्याला भोवती वळवते आणि आटे असतील तर वर-खालीही हलवते. हे दोन प्रवाह नीट मिसळले तर मधला भाग भरीव होतो. शिवाय टूल दर फेऱ्याला धातूचा एक पातळ पापुद्रा मागे ठेवते. मिनिटाला १००० फेरे आणि २०० मिलिमीटर चाल असेल, तर दर फेऱ्याला टूल ०.२ मिलिमीटर पुढे जाते. जोड कापून घासून पाहिला तर तेवढ्याच अंतरावर कांद्याच्या चकत्यांसारखी वलये दिसतात. म्हणून नुसती चाल किंवा नुसते फेरे सांगून उपयोग नाही. दर फेऱ्याला किती पुढे, हा आकडा सांगावा लागतो.

पवईतील संशोधनाने काय दाखवले?

धातू किती ताणला, दाबला किंवा सरकला याचे माप म्हणजे स्ट्रेन. वर्कशॉपमध्ये नेहमी लागणारा ६०६१ जातीचा कडक ॲल्युमिनियमचा नमुना यंत्रात ओढला तर मूळ लांबीच्या दहा-पंधरा टक्के लांबून तुटतो. म्हणजे स्ट्रेन ०.१ ते ०.१५. फ्रिक्शन स्टर वेल्डिंगमध्ये टूलशेजारून जाणारा धातू किती स्ट्रेन सोसतो, याचे गणित अमेरिकेतील पेन स्टेट विद्यापीठाचे टी. डेबरॉय आणि पवईच्या आयआयटी मुंबईतील अमिताव डे यांच्या गटाने २००९ मध्ये प्रसिद्ध केले. २५२४ या विमानांसाठीच्या ॲल्युमिनियम मिश्रणासाठी त्यांचे उत्तर उणे १० ते अधिक ५ असे आले. उणे म्हणजे दाबले जाणे, अधिक म्हणजे ताणले जाणे. लॉगरिदमच्या मापाने वाचले तर ५ म्हणजे धातूचा कण जवळपास दीडशे पट लांबणे. स्ट्रेन बदलण्याचा दर त्यांना सेकंदाला उणे ९ ते अधिक ९ इतका मिळाला. साध्या ओढ-चाचणीत हा दर सेकंदाला एक हजारांशाच्या घरात असतो.

थंड अवस्थेत दहा टक्क्यांत तुटणारा धातू इथे इतके कसे सोसतो? तो तापलेला असतो आणि चहूबाजूंनी दाबात कोंडलेला असतो, त्यामुळे फाटायला जागाच नसते. त्याच वेळी त्याचे स्फटिक मोडून नवे, अगदी बारीक स्फटिक तयार होत राहतात. जोडाच्या मधल्या भागात म्हणूनच काही मायक्रॉन आकाराचे दाणे सापडतात आणि बारीक दाणे धातूला बळ देतात.

हे आकडे मोजलेले नाहीत, गणिती प्रारूपातून काढलेले आहेत. फिरत्या टूलच्या बुडाशी मोजपट्टी लावता येत नाही. अन्य संशोधकांनी दाण्यांच्या आकारावरून किंवा वेगळ्या प्रारूपांतून काढलेले दर याहून कमी-जास्त आहेत. पण त्या अभ्यासाचे महत्त्व एकेका आकड्यापुरते नाही. शेजारून गेलेल्या दोन कणांचा इतिहास किती वेगळा असतो, हे त्यातून दिसते. एक कण दाबला जातो, दुसरा ताणला जातो. एक पिनला चाटून जातो, दुसरा जेमतेम हलतो. जोडाची ताकद या असमानतेतून ठरते. २०११ मध्ये याच गटाने शोल्डरचा व्यास कसा ठरवावा याचा निकषही मांडला. यंत्राने दिलेल्या टॉर्कमधला जास्तीत जास्त हिस्सा धातूला पकडून वाहवण्यात खर्ची पडला पाहिजे, नुसता घसरण्यात जाता कामा नये. म्हणजे ‘मोठा शोल्डर, जास्त उष्णता, चांगला जोड’ हा सरधोपट हिशेब चुकीचा ठरतो.

पवई ते वालीव अंतर फार नाही. तरी हे ज्ञान इंग्रजी शोधनिबंधांतून गाळ्यातल्या सेट-अप करणाऱ्या कारागिरापर्यंत क्वचितच पोहोचते. त्याच्या हाती येतो तो ‘इतके फेरे, इतकी चाल’ असा एका ओळीचा सेटिंगचा कागद. पत्र्याची जाडी बदलली, खालचा पाट बदलला, सकाळी थंड असलेले फिक्स्चर दुपारी तापले, की त्या कागदाचा आधार संपतो.

वरून चोपडा, आतून पोकळ, हे खरेच घडते का?

घडते, आणि पैशाची किंवा तज्ज्ञांची वानवा नसलेल्या ठिकाणीही घडते. अमेरिकेची अंतराळ संस्था नासा ‘स्पेस लाँच सिस्टिम’ या महाकाय रॉकेटच्या टाक्या लुइझियानातील मिशू कारखान्यात याच पद्धतीने जोडते. तिथे पिनच्या रचनेत बदल केल्यानंतर जोडांची ताकद अपेक्षेपेक्षा कमी भरू लागली. कारण शोधून दुरुस्त करेपर्यंत वेल्डिंगचे काम काही महिने थांबले. पिन बदलली की प्रवाह बदलतो आणि प्रवाह बदलला की जोड बदलतो, हे त्या कारखान्याला महागात पडून कळले. झिजलेली पिन ‘अजून एक महिना चालेल’ म्हणणाऱ्या गाळ्यासाठी हे उदाहरण फार दूरचे नाही. झिजणे म्हणजे पिनची रचना हळूहळू बदलणेच.

टनेल निदान एक्स-रे किंवा अल्ट्रासॉनिक चाचणीत सापडतो. त्याहून बेरकी दोष म्हणजे किसिंग बॉन्ड. दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना टेकलेले असतात, पण मधली ऑक्साइडची साय पुरती मोडलेली नसते. उकडीतली ती रेघ राहिलेलीच असते, फक्त डोळ्यांना दिसत नाही. एक्स-रेलाही ती बहुधा दिसत नाही, कारण मध्ये पोकळीच नसते. पिन आखूड पडली तर जोडाच्या तळाशी असाच न जुळलेला सांधा राहतो. असा जोड स्थिर भाराखाली टिकेल, पण रोज हादरे बसणाऱ्या वाहनात तिथून तडा सुरू होतो.

म्हणजे जुनी पद्धतच बरी, असा निष्कर्ष कुणी काढू नये. ५ ऑक्टोबर १९९९ रोजी लंडनमधील लॅडब्रोक ग्रोव्ह येथे दोन गाड्या समोरासमोर धडकून ३१ जणांचा मृत्यू झाला. त्यातल्या एका गाडीचे डबे वितळवून जोडलेल्या ॲल्युमिनियमचे होते. धडकेत त्यांचे जोड चेन उघडावी तसे लांबवर उसवले. चौकशी आयोगाने पुढे ॲल्युमिनियमच्या डब्यांसाठी वितळवून जोडण्याला पर्याय शोधावेत, अशी शिफारस केली. वितळवलेल्या जोडाशेजारचा उष्णतेने नरम झालेला पट्टा हे तिथले दुखणे होते. फ्रिक्शन स्टर वेल्डिंगमध्येही असा पट्टा असतो. कडक केलेल्या ६०६१ पत्र्याचा चांगला जोड ओढला तर बहुधा तो त्या पट्ट्यातच तुटतो आणि मूळ पत्र्याइतकी ताकद मिळत नाही. पण उष्णता कमी असल्याने नुकसानही सहसा कमी होते. पद्धत चांगलीच आहे. आक्षेप आहे तो तिच्या नावालाच दर्जाचा दाखला मानण्यावर.

वसई-विरारकरांनी याची फिकीर का करावी?

एक कारण रेल्वे. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचे एक स्थानक विरारला होणार आहे आणि शिंकान्सेन गाड्यांचे डबे ॲल्युमिनियमचे असतात. पुणे मेट्रोचे डबेही ॲल्युमिनियमचे आहेत. ॲल्युमिनियमच्या वंदे भारत गाड्यांची निविदा २०२४ मध्ये रद्द झाली असली तरी हलक्या गाड्यांची गरज संपलेली नाही. असे डबे जोडणारे कारखाने मोठे असतात, त्यांच्याकडे तपासणीची साधने असतात. पण मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणारी साखळी गाळ्यांपर्यंत उतरते. बॅटरीच्या कूलिंग प्लेटमध्ये बोगदा राहिला तर पाणी गळते, तेही वाहन रस्त्यावर आल्यावर.

दुसरे कारण रोजगार. या कामासाठी धड वेल्डर लागत नाही आणि धड मिलिंग ऑपरेटरही पुरत नाही. मशीन मिलिंगसारखे दिसते, म्हणून जुने मिलिंग मशीन वापरून काम भागवण्याचा मोह होतो. प्रयोगशाळांत ते चालतेही. पण जाड पत्र्यावर टूल दाबून धरायला काहीशे किलोंपासून टनभर किंवा त्याहून जास्त दाब लागतो. मशीनचे बेअरिंग आणि टेबल तेवढे सोसणारे नसले तर टूल वर उचलले जाते, शोल्डरखालचा दाब कमी होतो आणि बोगद्याची तयारी होते. वसईच्या तरुणाला हे शिकवायचे तर ‘हिरवे बटण दाब’ एवढ्यावर भागणार नाही. ॲडव्हान्सिंग बाजू कुठली आणि दोष तिथेच का शोधायचा, हे त्याला कळले पाहिजे.

सर्वात मोठी खोट मात्र दर ठरवण्यात आहे. जोडकामाचा दर मीटरमागे ठरला आणि तपासणीचे पैसे त्यात धरलेच नाहीत, तर गाळामालकासमोर एकच वाट उरते, ती म्हणजे चाल वाढवणे. चाल दुप्पट केली आणि फेरे तेच ठेवले तर टूल दर फेऱ्याला दुप्पट पुढे जाते, धातूला मऊ व्हायला आणि मागचा कोपरा भरायला कमी वेळ मिळतो. जोड वरून तसाच दिसतो, ग्राहक माल घेतो. दोष बाहेर आला की खापर ऑपरेटरवर फुटते. वास्तविक तो दोष खरेदीच्या कागदावरच तयार झालेला असतो.

छोट्या गाळ्याला तपासणी परवडेल का?

एक्स-रे आणि अल्ट्रासॉनिकची यंत्रे परवडणार नाहीत, हे मालकांचे म्हणणे खोटे नाही. ॲल्युमिनियमच्या या जोडकामासाठी आयएसओ २५२३९ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. मोठ्या ग्राहकाने ते मागितले तर बाहेरच्या प्रयोगशाळेत जावेच लागेल. पण रोजच्या पहाऱ्यासाठी लागणारे सामान बहुतेक गाळ्यांत आहे. जॉबच्या सुरुवातीला आणि शेवटी जास्तीचा पत्रा ठेवायचा, तोच जोड त्यावरही घ्यायचा आणि मग तो तुकडा आडवा कापायचा. बारीक होत जाणाऱ्या पॉलिश पेपरवर घासून आरसा करायचा. पाण्यात विरघळवलेल्या कॉस्टिक सोड्यात थोडा वेळ बुडवायचा, धुवायचा आणि भिंगाखाली धरायचा. कांद्याची वलये, नरम पट्टा, असल्यास बोगदा असा सगळा प्रवाह डोळ्यांसमोर येतो. कॉस्टिकमध्ये ॲल्युमिनियम बुडवले की हायड्रोजन सुटतो, म्हणून हे उघड्यावर, ठिणगीपासून दूर, हातमोजे आणि चष्मा लावूनच करावे.

किसिंग बॉन्डसाठी दुसरा तुकडा व्हाइसमध्ये धरून जोडाचा तळ बाहेरच्या बाजूला येईल असा वाकवायचा. साय मोडली नसेल तर जोड तळाच्या रेषेतून फाटतो. पत्र्याची जाडी, मिश्रण, पिन किंवा फिक्स्चर बदलले की दोन्ही चाचण्या नव्याने. पिन किती मीटर चालली याची नोंद भिंतीवरच्या वहीत ठेवायची, तीही फेरे आणि चाल यांच्या शेजारी.

यात दिवसाकाठी दोन-तीन तुकड्यांचा पत्रा आणि माणसाचा तास-दीड तास जातो. हा खर्च गाळामालकाने गुपचूप सोसायचा नाही. ‘नमुना तुकडा व काप’ अशी वेगळी ओळ कोटेशनमध्ये घालायची आणि घासलेला तुकडा, जॉबचा नंबर पंच करून, मालासोबत पाठवायचा. रेल्वे, मेट्रो किंवा महापालिकेसारख्या सरकारी खरेदीदारांनी ही ओळ निविदेत आपणहून लिहिली, तर ती कापून दर खाली आणणाऱ्या पुरवठादाराला कंत्राट मिळणार नाही.